माझ्या तोंडातला पूल

माझा गळा चांगला नाही. मी आरती म्हणू लागले तर देवसुद्धा घाईघाईने नैवेद्य आटपून घेईल, असे आमच्या वहिनी म्हणत. पण वाचून दाखवायला मला येते. पुस्तक उघडून मी मोठ्याने वाचू लागले की वर्गातल्या मुली खिडकीबाहेर बघायच्या थांबत. राजा बोलला की मी राजा होई, म्हातारी बोलली की म्हातारी. एवढी एकच कला माझ्यापाशी होती, आणि तिला पुढचे दात लागतात हे ते गेल्यावरच कळले.

आमचे वडील महाराजांच्या पागेत होते. घोड्यांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज एवढा मोठा झाला होता की घरात ते साधे पाणी मागत तेव्हाही शेजारी दचकत. त्यांनी माझे लग्न लवकर लावून दिले आणि माझे कुंकूही लवकर पुसले गेले. मी माहेरी परत आले तेव्हा वडील थकले होते आणि घर दादाच्या हातात होते. दादा महाराजांच्या खाजगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या कारभारात, कारकून. त्याने कोणाचे काही न ऐकता मला शाळेत घातले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळा भराभर निघत होत्या आणि शिकवायला बायका मिळत नव्हत्या, त्यामुळे चार इयत्ता शिकलेल्या माझ्यासारखीलाही पुढे शिकायला पाठवून शाळेतली बाई करून घेतले. वडील गेले. पुढे मी, दादा आणि वहिनी अशी आम्ही तीन माणसे त्या घरात राहिलो. मुलींना वाचून दाखवायचा तास मला मिळाला तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत. विधवा बाईने बोलावे आणि तीस-चाळीस जणींनी कान देऊन ऐकावे, असे त्या काळात दुसरे ठिकाण मला तरी माहीत नव्हते.

बडोद्यात झोपाळा नाही असे घर सापडणे कठीण. आमच्याकडेही पुढच्या खोलीत जाड सागवानी फळीचा होता. सुट्टीच्या दिवशी दादा त्यावर बसून वर्तमानपत्र वाची, आणि एखादी बातमी पटली नाही की पायाने जमिनीला असा रेटा देई की कड्या कुरकुरत. एके दिवशी माझे पुस्तक घसरून झोपाळ्याखाली गेले. मी वाकले, तेवढ्यात दादाला एक बातमी पटली नाही. फळीची कड माझ्या तोंडावर बसली. वरचा पुढचा एक दात तिथेच तुटला, त्याच्या डावीकडचा महिन्याभरात काळा पडला आणि काढावा लागला. दादाने त्या दिवसापासून झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचणे सोडले. तो आपणहून जमिनीवर बसे आणि खाली मान घालून वाची. ते बघून मलाच वाईट वाटे.

दोन दात गेले म्हणजे जेवणात फारसे अडत नाही. अडते ते बोलण्यात. सीता म्हटले की शिट्टी वाजे, दत्त म्हटले की समोरचीच्या पाटीवर तुषार. मी दातांच्या एका जुन्या वैद्याकडून लाल रबराची एक पट्टी बसवून घेतली. तिला दोन दात चिकटवलेले होते आणि ती टाळूला धरून राही. म्हणजे राहायला हवी होती. एका शनिवारी मी गोष्टीतल्या फौजदाराच्या तोंडची आरोळी ठोकली, आणि 'फ'बरोबर पट्टी तोंडातून निघून पहिल्या रांगेतल्या एकीच्या मांडीवर पडली. "बाईंचे दात पडले!" म्हणून ती अशी किंचाळली, की शेजारच्या वर्गातल्या बाई खडू घेऊन धावत आल्या.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत. बाई न्यायाच्या होत्या, पण मऊ नव्हत्या. त्यांनी मला खोलीत बोलावले.

"लहान मुली जसं ऐकतात तसं बोलतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या वर्गातल्या दोघी आता 'स'ची शिट्टी वाजवायला लागल्या आहेत. चेष्टेने नाही, त्यांना वाटतं तसंच म्हणायचं असतं. वाचनाचा तास मी दुसऱ्या बाईंना देते. तुम्ही तोवर शिवण घ्या."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" मी विचारले.

"दिवाळीची सुट्टी संपली की मी स्वतः तुमच्या वर्गात बसेन. वाचून दाखवा. जमलं तर तास तुमचा. नाही जमलं तर शिवण कायमचं. मुलींचं वर्ष मला वाया घालवता येणार नाही."

मी मान हलवली आणि बाहेर आले. तोंड उघडले असते तर शिट्टीच वाजली असती. शिवणाच्या तासाला मी मुलींकडून परकराचे काठ दुमडून घेई आणि भिंतीपलीकडे दुसऱ्या बाई गोष्ट वाचत असत. त्या सगळी गोष्ट एका सुरात वाचत, वाघ आणि शेळी दोघांना एकच आवाज. मला सुई बोटात घालून घ्यावीशी वाटे.

लहरीपुऱ्याच्या दरवाजाजवळ एका कापडवाल्याच्या दुकानाच्या माडीवर त्याच सुमारास दातांचे एक नवे डॉक्टर आले होते. मूळचे काठेवाडकडचे, मुंबईला शिकून आलेले, वयाने तरुण. ते दात तोंडात कायमचे बसवून देतात, काढायचे-घालायचे नाहीत, असे दादाने कचेरीत ऐकले. त्याने मला विचारलेही नाही, सरळ टांगा आणून उभा केला. बाईमाणसाने परक्या पुरुषापुढे तोंड उघडून बसायचे म्हणून वहिनी सोबतीला आल्या. वहिनी बडोद्यातच जन्मल्या-वाढल्या होत्या आणि त्यांच्या मराठीत निम्मी गुजराती होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितले ते असे. रिकाम्या जागेच्या एका बाजूला उजवीकडचा पुढचा दात शाबूत आहे, दुसऱ्या बाजूला डावा सुळा शाबूत आहे. या दोघांवर सोन्याच्या टोप्या बसवायच्या, आणि मधले दोन नवे दात त्या टोप्यांना जोडून अधांतरी धरायचे. खांब दोन, मध्ये रस्ता. याला म्हणे ब्रिज म्हणतात.

"म्हणजे पूलच की!" वहिनी घरी येताना म्हणाल्या. "वन्सं, तुमच्या तोंडात विश्वामित्री नदीचा पूल बांधतायत. आता खाली मगरी नाहीत म्हणजे मिळवली."

"मगर आहे ना, जीभ," दादा म्हणाला. घरात दादाने पुष्कळ दिवसांनी विनोद केला होता, म्हणून मी हसले.

डॉक्टरांची काम करायची रीत मला आवडली. पायाने चालवायचे एक यंत्र होते, आमच्या शिवणयंत्रासारखे, आणि त्यावर दात कोरत. त्यांनी माझ्या वरच्या-खालच्या दातांचे ठसे घेतले, त्यात चुना ओतावा तसे पांढरे काहीतरी ओतून माझ्या दातांच्या दोन कवळ्या केल्या, आणि त्या पितळेच्या एका बिजागरीवर बसवल्या. दार उघडावे-मिटावे तशी ती बिजागरी उघडे आणि मिटे. त्यावर बघून पूल तयार झाला. एका सकाळी त्यांनी तो माझ्या तोंडात लुकणाने चिकटवून बसवला आणि आरसा हातात दिला. मी ओठ उघडून बघितले. इतक्या दिवसांनी माझेच तोंड मला परत भेटले होते, आणि मला रडू आले. सुळ्यावरचे सोने थोडे चमकत होते, तेवढे सोडले तर कोणाला कळले नसते.

घरी वहिनींनी परीक्षा घेतली. "म्हणा, सासूबाईंची साडी सुकत घातली."

म्हटले. शिट्टी नाही, थुंकी नाही. वहिनींनी त्या दिवशी श्रीखंड केले. दिवाळी यायची होती आणि मी मनातल्या मनात गोष्टीची पुस्तके निवडू लागले.

आठवडा झाला नसेल, सुळ्यावरची टोपी जिभेला हलल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी नक्कीच हलली. डॉक्टरांनी पूल काढला, साफ केला, परत लुकण लावून बसवला. काही दिवसांनी पुन्हा तेच. दर वेळी उजवा खांब घट्ट आणि सुळ्याचा ढिला.

"सोपारी खाओ छो?" डॉक्टरांनी विचारले.

मला सुपारीचे व्यसन विचारतात! "नाही," मी म्हणाले.

"ऊस? चिक्की? फरसाण?"

"वन्सं भाकरीसुद्धा दुधात भिजवून खातात," वहिनी मध्ये पडल्या. "पूल बसवल्यापासून एक कडक वस्तू खाल्ली नाही. मी रोज जोते ना, बघते ना."

डॉक्टर गोंधळले. ते मला तोंड उघडायला सांगत, मिटायला सांगत. टक, टक, टक, माझे दात त्यांना हवे तसे नेमके जुळत. मग ते कपाटातली बिजागरीवरची कवळी आणून दाखवत. तिच्यावरही टक, टक, टक. "आ जुओ बेन, बराबर छे," म्हणजे बघा, सगळे बरोबर आहे. त्यांनी मला खालचा जबडा डावीकडे सरकवायला सांगितले, उजवीकडे सरकवायला सांगितले, पुढे काढायला सांगितले. खरे सांगायचे तर मी तो जेमतेम हलवला. जबडा हा शब्दच मला वाघाचा वाटे. तिशी न उलटलेल्या परक्या पुरुषापुढे बसून, खाली बाजारात माणसे हिंडत असताना, मी माकडासारखे तोंड वेडेवाकडे करायचे? मी मान ताठ, पदर डोक्यावर, हात मांडीवर अशी बसे. लहानपणापासून हेच शिकवले होते की चार माणसांत बाईचा चेहरा हलता कामा नये. मी तो हलवत नव्हते, एवढेच.

दिवाळी झाली. फराळातले काहीही मी खाल्ले नाही. भाऊबीजेला ओवाळताना दादाने माझ्या तोंडाकडे बघितले आणि मी ओठ घट्ट मिटले, कारण पूल त्या सकाळीच पुन्हा हलला होता. सुट्टी संपत आली होती. शिवण कायमचे, शिवण कायमचे, एवढेच माझ्या डोक्यात घोळत होते. मला आता वाटू लागले होते की हे माझ्या नशिबातच नाही. नशिबाने मला एकदा बोलायला दिले होते, ते चुकून दिले असावे आणि आता ते ती चूक दुरुस्त करत असावे.

त्या मनाने मी डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी पूल बसवून पाहिला, लुकण न लावता. तोंड उघडा, मिटा. टक, टक. ते माझ्याकडे बघत राहिले. मी समोरच्या भिंतीकडे. त्यांनी हातातली सळई ठेवली आणि जवळच्या तबकातला चिमटा उचलून बाजूला केला. मग हात जोडल्यासारखे करून म्हणाले:

"बेन, तमे तो पूतळानी जेम बेसो छो. हवे थोडा दांत काढो ने, तो मने खबर पडे."

पुतळ्यासारखी बसता, इथपर्यंत मला कळले. पुढचेही कळले असे मला वाटले. थोडे दात काढून घ्या ना, म्हणजे मला कळेल! बडोद्यात एवढी वर्षे काढून गुजराती मला येत नव्हती असे नाही, आणि कानांनी ऐकले ते स्पष्ट होते. दोन दात गेले होते, आता हा गृहस्थ उरलेल्यांतले थोडे काढून बघणार होता. आणि चिमटा तर मी त्याच्या हातात आत्ताच पाहिला होता.

वहिनींनी दुसराच अर्थ घेतला. मराठीत दात काढणे म्हणजे फिदीफिदी हसणे. त्या लाल झाल्या आणि पदर तोंडावर ओढून म्हणाल्या, "अगं बाई! काय हा माणूस!"

त्यांनाही माझीच धास्ती बसली असे समजून माझी खात्री पटली. आणि मग माझ्या वडिलांची मुलगी जागी झाली.

"थोडे कशाला?" मी खुर्चीतून अर्धी उठत म्हणाले. "सगळेच काढा! बत्तीस काढा आणि त्या तुमच्या पितळेच्या बिजागरीला लावून ठेवा! तुम्हाला ती कवळीच पसंत आहे ना? ती सुपारी खात नाही, ती बोलत नाही, तिला शाळेत जायचं नाही! मला जायचं आहे! चार दिवसांनी मला उभं राहून वाचायचं आहे आणि तुम्ही दर वेळी लुकण फासता आणि म्हणता बरोबर छे! काय बरोबर छे? माझं कपाळ?"

डॉक्टर मागे सरकतील असे मला वाटले. ते पुढे सरकले. डोके वाकडे करून ते माझ्या हनुवटीकडे खालून बघू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिवाळी आली.

"बोलो, बोलो!" ते ओरडले. "बंध ना करशो! हजी वढो मने!"

वढो म्हणजे रागवा. अजून रागवा म्हणत होता! मी तोंड उघडून बघत राहिले. वहिनींच्या डोक्यात आता प्रकाश पडला, कारण त्यांची एक मामी काठेवाडकडची होती.

"थांबा, थांबा वन्सं," त्या हसू दाबत म्हणाल्या. "काठेवाडात दांत काढवा म्हणजे हसणं. साधं हसणं. ते तुम्हाला हसायला सांगत होते, जबडा कसा फिरतो ते बघायला!"

डॉक्टरांनाही मग वहिनींनी सांगितले की बेन काय समजल्या. ते बिचारे आधी घाबरले, मग असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला हसू येत नव्हते. मला राग होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हते. डॉक्टरांनी तोवर निळ्या शाईचा एक पातळ कागद आणला, त्याची पट्टी माझ्या दातांमध्ये डाव्या बाजूला धरली आणि म्हणाले, आता परत रागवा, मघासारखे.

सांगून राग येतो का? मी दोन-तीन वेळा तोंड हलवले, ते सगळे नाटकी. कागदावर काही उमटेना. तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघत सहज म्हणाल्या, "त्या दुसऱ्या बाई वाचतात ते काही वाईट नाही हं. मी परवा शाळेवरून जाताना ऐकलं. शांत वाटतं. मोठ्या बाईंनी तोच तास कायम केला तर मुलींचं काही नुकसान नाही."

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत माझा जबडा पुढे आला, डावीकडे गेला आणि दात दातांवर करकरले. मला स्वतःला ते ऐकू आले. डॉक्टरांनी कागद काढून पूल बाहेर घेतला आणि उजेडात धरला. सुळ्यावरच्या टोपीच्या मागच्या अंगाला, जिथे जीभ लागते तिथे, एक जाड निळा पट्टा उमटला होता. बाकी सगळे सोने स्वच्छ.

मग त्यांनी मला समजावले, आणि एवढ्या नीट समजावले की मला आजही ते जसेच्या तसे येते. जबडा दारासारखा फक्त उघडतो आणि मिटतो असे आपल्याला वाटते. तसे नसते. कानापुढे जिथे तो टेकलेला असतो तिथे तो पुढेही घसरतो आणि आडवाही फिरतो. चावताना, बोलताना, चिडताना तो दर वेळी वेगळी वाट धरतो. डॉक्टरांनी माझा पूल मिटलेल्या दातांवर जुळवला होता, आणि मिटलेल्या दातांवर तो बिनचूक होता. पण मी चिडले की माझा खालचा सुळा वरच्या सुळ्याला मागून बाहेर ढकली. मोकळा दात असा ढकलला गेला तर थोडी माया दाखवतो, कणभर हलतो आणि परत जागेवर येतो. पुलाचा दात तसे करू शकत नाही, कारण तो पलीकडच्या खांबाला बांधलेला असतो. एका टोकाला रेटा आला की सगळा पूल पिळला जातो, आणि पीळ खाऊन खाऊन लुकण सुटते. वरून कितीही चावा, त्याला काही होत नाही. तो आडव्या रेट्याने मरतो.

"मला वाटलं तुमचं तोंड अडकित्ता आहे," ते त्यांच्या गुजरातीत म्हणाले आणि वहिनींनी मला मराठीत सांगितले, "ते तर जातं निघालं."

"पण मी काय दिवसभर चिडते?" मी विचारले.

डॉक्टरांनी वहिनींकडे बघितले. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही शिवता शिवता पण हनुवटी अशी फिरवता. गेले दोन महिने तर फारच. तोंड मिटलेलं असतं, पण आत चालूच असतं. तुमच्या वडिलांचीच लकब. घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"अशी गोष्ट कोणी कोणाला सांगतं का? मला वाटलं, मनातल्या मनात बोलत असतील कोणाशी."

बोलतच होते. मोठ्या बाईंशी बोलत होते, दुसऱ्या बाईंशी, नशिबाशी. दातओठ खाणे हे मी पुस्तकात शंभर वेळा वाचून दाखवले होते, आणि मी स्वतः रोज तेच खात होते, वर डॉक्टरांनी बसवलेले सोनेही.

डॉक्टरांनी सुळ्याची टोपी मागून घासली, निळा पट्टा जाईपर्यंत. परत कागद, परत वहिनींचे काहीतरी टोचून बोलणे, परत घासणे. खालच्या सुळ्याचे टोकही जरा बोथट केले. शेवटी मी जबडा कुठेही नेला तरी पुलावर रेटा येईना, तो भार मागच्या दाढांनी आणि उजवीकडच्या माझ्या मूळच्या दातांनी वाटून घेतला. मग त्यांनी लुकण लावले आणि एक गोष्ट शिकवली. ओठ मिटलेले असावेत, पण आत दात सुटे असावेत. जेवताना सोडले तर दातांनी एकमेकांना शिवायचे कारण नाही. राग आला तर येऊ द्या, तो बोलून टाका. तो मिटल्या तोंडात दळत बसू नका.

हे मला अगदी नवे होते. मला आयुष्यभर उलटेच शिकवले गेले होते, की राग आला तर दात घट्ट मिटून गप्प बसावे. घरी आल्यावर वहिनींनी पाळत ठेवली. मी भाजी निवडत बसले आणि हनुवटी फिरू लागली की त्या म्हणत, "वन्सं, कोणाशी?" मग मला सांगावे लागे कोणाशी. एकदा मी म्हटले दादाशी, झोपाळा उगाच ओस पडलाय म्हणून. दादा आतून ऐकत होता. तो उठला, वर्तमानपत्र घेऊन मुकाट झोपाळ्यावर जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने कड्या कुरकुरल्या.

शाळा उघडली त्या आठवड्यात शनिवारी मोठ्या बाई ठरल्याप्रमाणे वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. मी मुद्दाम एक साधा धडा निवडला होता, घराच्या स्वच्छतेवरचा, ज्यात कोणी ओरडत नाही. मी तो वाचला. अर्धे तोंड उघडून, जपून, प्रत्येक 'स' आणि 'त' तोलून. शिट्टी नाही. एकही उच्चार चुकला नाही. आणि मला दिसत होते की मुली खिडकीबाहेर बघत आहेत. मी स्वतःच त्या दुसऱ्या बाई झाले होते.

धडा संपला. मोठ्या बाई म्हणाल्या, "उच्चार स्वच्छ आहेत." मग थांबल्या. पुढे त्या काय म्हणणार होत्या ते त्यांच्या तोंडावर दिसत होते, की उच्चार आहेत, पण एवढ्यासाठी तास बदलायचे कारण नाही.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, ती कुंभारणीची वाचा ना. भांडणाची. पूर्वी वाचायच्या तशी."

ती गोष्ट मला पाठ होती. राजाचा शिपाई कुंभारणीची मडकी फुकट उचलून नेतो आणि ती भर बाजारात त्याच्यापुढे उभी राहते. ती वाचायची तर पूर्ण तोंड उघडून वाचावी लागते, जबडा जाईल तिकडे जाऊ द्यावा लागतो. मी जिभेने एकदा पुलाला मागून हात लावल्यासारखे केले. तो तिथे होता. पडला तर मुलींच्या देखत पडेल, मोठ्या बाईंच्या देखत पडेल, आणि मग सगळेच संपेल. पण तो टिकावा म्हणून मी जर जन्मभर स्वच्छतेचा धडा वाचणार असेन, तर तो बसवला कशासाठी?

मी पुस्तक उघडले आणि कुंभारीण झाले. काय भांडले मी! हात कमरेवर, हनुवटी पुढे, शिपायाच्या सात पिढ्या काढल्या. "सोड ते मडकं, नाहीतर तुझ्याच डोक्यात सोडीन!" म्हणताना पहिल्या रांगेतल्या मुली मागे सरकल्या, आणि मग सगळा वर्ग खो खो हसला. पूल हलला नाही. मला थांबून बघायचेही भान नव्हते.

मोठ्या बाई उठल्या आणि दाराशी गेल्या. हसू त्यांनी आवरले होते, पण डोळ्यांत राहिले होते. "शिवणाला आता कोणीतरी शोधायला हवं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मला रडू येत होते. पण कुंभारणीचे भांडण अर्ध्यावर होते आणि मुली माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी आधी ते पुरे केले.